येळवशीला नळदुर्ग

आमच्या अण्णांना सायकलवरून खाली उतरवायचं माझ्या धाकट्या भावानं मनावर घेतलं, तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, "बाबा रे, नादी लागू नकोस." अण्णा म्हणजे आमचे वडील. पंच्याहत्तरी कधीच मागं टाकलेली. उभा जन्म त्यांनी आठवडी बाजारात कापड विकलं. लोहारा, जळकोट, नळदुर्ग, अणदूर. ज्या गावचा बाजार त्या गावाला अण्णा, आणि कॅरिअरवर लुगड्या-धोतरांचं गाठोडं. धंदा बंद करून बरीच वर्षं झाली, पण सायकल काही सुटली नाही. आई गेल्यापासून माकणीजवळच्या आमच्या गावात ते आणि त्यांची काळी सायकल, असा दोघांचाच संसार आहे.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला ते पडले. शेळी आडवी आली म्हणे. शेळीला काही झालं नाही, अण्णांचं मनगट मोडलं. मी धाराशिवला शाळेत शिकवते. निरोप आला तशी धावत गेले, प्लास्टर करून आणलं, चार दिवस राहून परत आले. भाऊ पुण्याला. त्यानं फोनवरूनच फर्मान काढलं: सायकल बंद, गाव बंद, अण्णा आता पुण्याला. दिवाळीला त्यानं न्यायला गाडी पाठवली. भाड्याची, पांढरी, एसीवाली, ड्रायव्हरसकट. अण्णांनी ड्रायव्हरला हातपाय धुवायला पाणी दिलं, पोटभर जेवू घातलं, डिकीत नातवंडांसाठी शेंगांची पिशवी टाकली आणि गाडी आल्या पावली परत पाठवली.

भाऊ भडकला. "ताई, त्यांना ती सायकल सोडवत नाही, बाकी काही नाही. उद्या कुठल्या ट्रकखाली आले म्हणजे?" मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू? रात्री फोन लावला आणि अण्णांनी लवकर उचलला नाही, की मी मिनिटामिनिटाला पुन्हा लावत बसायचे. पण अण्णा पुण्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीतल्या खुर्चीवर बसलेत, असं चित्र डोळ्यांपुढं आणलं की तेही नको वाटायचं. म्हणजे मला नेमकं काय हवं होतं, हे माझं मलाच कळत नव्हतं.

मग एका रविवारी आम्ही तिघं एकाच फोनवर भांडलो. भावानं आधीच तयारी केलेली दिसली, कारण त्यानं थेट खंडोबाच काढला. आमच्याकडं अणदूरच्या खंडोबाची रीत पोराटोरांनाही ठाऊक असते. देव एकच, पण घरं दोन. वर्षातला बहुतेक काळ तो अणदूरला असतो आणि थंडीत पावणेदोन महिने नळदुर्गला मुक्कामाला जातो.

"अण्णा, देवसुद्धा दोन गावांत राहतो," भाऊ म्हणाला. "तुम्हाला काय होतंय? दहा महिने पुण्यात राहा, दोन महिने गावी जा."

"राहतो की," अण्णा म्हणाले. "पर देवाला कुणी म्हणलंय का, घोडा ठिवून ये म्हणून?"

मी हसले, तर दोघंही माझ्यावर खेकसले.

शेवटी पैज लागली. अण्णांनीच लावली. एका दिवसात, दिवस मावळायच्या आत, गावातनं सायकलवर नळदुर्गला जायचं आणि खंडोबाच्या पायरीला हात लावायचा. लावला, तर पुन्हा कुणी सायकलीचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर सायकल भंगारात आणि अण्णा पुण्याला. भावाला हे फारच सोपं वाटलं. त्यानं फक्त एक अट घातली: ताईनं सोबत जायचं, तेही सायकलवर. "मोटारसायकलच्या मागं बसून लबाडी चालणार नाही." मला कुणी विचारलंसुद्धा नाही. वयाच्या पन्नाशीत मी पंच झाले.

दिवस मात्र मी ठरवला. येळवस. पंचांगात वेळ अमावस्या लिहितात, आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खा जिल्हा सहकुटुंब रानात जेवायला जातो. शाळेला सुट्टी, दुकानं बंद, एसट्या रिकाम्या, गावात कुत्रं दिसत नाही. म्हणजे रस्ता मोकळा, ट्रकची भीती नाही. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की अण्णांनी "व्हय व्हय, बेस दिवस हाय" हे किती गरीब आवाजात म्हटलं, तिकडं माझं लक्षच गेलं नाही. गाव रस्त्यावर नसतं म्हणजे ते रानात असतं, आणि रान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतं. एवढी साधी गोष्ट! मी याच मातीत जन्मले, तरी डोक्यात शिरली नाही. लग्नानंतर शहरात राहिलं की असं होतं.

मी माझ्या मुलाची गिअरची सायकल घेतली. महिनाभर रोज पहाटे धाराशिवच्या रस्त्यांवर सराव केला. हेल्मेट घातलं. आदल्या संध्याकाळी गावी पोचले तर अण्णांनी आधी सायकलकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"डोक्यावर हे टरबूज कशाला गं?"

"पडलं तर डोकं वाचतं, अण्णा."

"मनगटाला काय घालत्यात?" त्यांनी विचारलं, आणि बरं झालेलं मनगट माझ्यापुढं फिरवून दाखवलं.

उजाडताना निघालो. धरणाच्या पाण्यावर धुकं बसलं होतं आणि पलीकडचा काठ दिसतच नव्हता. तेरणेच्या खोऱ्यातली काळी रानं, त्यात कमरेपेक्षा उंच ज्वारी, मधूनच करडईचे पट्टे. गार वारं कानात शिरत होतं. रस्त्यावर आम्ही दोघंच. अण्णांच्या सायकलीचं मडगार्ड खडखड वाजत होतं, तेवढाच काय तो आवाज. लहानपणी बाजाराच्या दिवशी हाच खडखडाट संध्याकाळी लांबून ऐकू आला की आम्ही भावंडं दाराकडं पळायचो. मला एकदम फार बरं वाटलं. इतकं, की मी उगीचच घंटी वाजवली.

अण्णांची सायकल चालवायची एक पद्धत आहे. घाई नाही, थांबणं नाही. चढ आला की सरळ उतरतात आणि सायकल हातात धरून चालतात. मी गिअर बदलत, धापा टाकत वर पोचायचे आणि मागं वळून बघायचे, तर ते आरामात येत असायचे.

"चढाला आपणच तिला न्यायचं," ते म्हणाले. "उताराला ती आपल्याला नेतीया."

लोहारा मागं पडलं तेव्हा ऊन नुकतं कुठं अंगाला लागायला लागलं होतं. वाटेत एक पडकी गढी आणि तिच्या पायथ्याशी दगडी बारव लागली. अण्णा पायऱ्यांवर जाऊन बसले. बाजाराला जाताना याच पायऱ्यांवर बसून ते भाकरी खायचे. खाली हिरवं पाणी, कोनाड्यात पारवे. "हितं बसलं की गाठोड्याचं वजन जायचं," म्हणाले. मी घड्याळ बघितलं. आम्ही झकास वेळेत होतो. अशानं दुपारीच नळदुर्ग! मी भावाला फोटो पाठवला आणि त्याखाली वर केलेला अंगठा टाकला. माझी मस्ती तेवढ्यापुरतीच होती.

कारण तोवर गावं रानात पोचली होती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो बांधाला लागले होते. जिथं बघावं तिथं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, तिच्यावर शाल, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाल्या आणि "ओलगेऽ ओलगेऽ" अशा आरोळ्या उठल्या. आंबील शिंपडत माणसं पिकातनं फिरायला लागली. आणि मग ज्याची भीती मला आधी वाटायला हवी होती, ते झालं. तुरीच्या कडेनं एक बाई हात हलवत धावत आली.

"ओ मामा! कुठं निघालाव? जेवल्याबिगर जायचं न्हाय!"

येळवशीला रानातनं आलेलं बोलावणं मोडता येत नाही. ओळख असो नसो. नाही म्हटलं तर त्या माणसाचं वर्ष खराब केल्यासारखं होतं. अण्णा सायकल उभी करून मोकळेही झाले होते. मी पंच. पंचानं तटस्थ राहावं, पण माझा जीव तर अण्णांच्या बाजूनं! यांनी पोटभर खाल्लं तर पुढं सायकल कशी ओढणार? म्हणून मी युक्ती केली. "त्यांना नका वाढू मावशी, थोडी आंबील द्या नुसती. मला वाढा. मला लई भूक लागलीय."

त्या माउलीनं वाढलं. भज्जी म्हणजे आमच्याकडं तळलेली भजी नव्हे. हिरवा हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, चिंच, पालेभाजी, सगळं बेसनात रटरटवलेलं दाट कालवण. त्याच्याबरोबर ज्वारीचे वाफवलेले उंडे, तिळाची भाकरी, शेंगापोळी, वर गव्हाची खीर. मी अण्णांच्या वाटचं आणि माझ्या वाटचं, दोन्ही खाल्लं. अण्णा ओंजळभर आंबील पिऊन बाजूला बसले आणि त्या घरच्या म्हाताऱ्याशी जुन्या बाजाराच्या गप्पा मारायला लागले. त्या म्हाताऱ्याच्या लग्नाचं धोतर अण्णांकडूनच घेतलेलं निघालं.

पुढच्या वळणावर दुसरं रान. मग तिसरं. अण्णांना ओळखणारे निम्मे, न ओळखणारे निम्मे, पण आग्रह सगळ्यांचा सारखाच. दर वेळी मी मध्ये पडत होते. "अण्णांना नको, मला वाढा." तिसऱ्या रानात तर एका पोक्त बाईनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि अण्णांना विचारलं, "लेकीला सासरी जेवायला देत न्हाईत व्हय?" अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मला संताप आला, पण बोलायला तोंड रिकामं कुठं होतं!

आणि आंबील! ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं, मातीच्या मडक्यातली गारेगार. उन्हात एक तांब्या प्याला की दुसरा प्यावासा वाटतो. प्यायला हलकी, पण थोड्या वेळानं पापण्यांवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. जळकोटच्या पुढं महामार्ग नको म्हणून अण्णांनी गाडीवाट धरली आणि मी त्यांच्या मागच्या चाकाकडं बघत, अर्धवट झोपेत, पायडल मारत राहिले.

तेरणेचं खोरं मागं राहून आता बोरी नदीचं रान सुरू झालं होतं. एका चढावर अण्णा थांबले आणि त्यांनी बोट दाखवलं. लांब, झाडांच्या वर, नळदुर्गच्या किल्ल्याचा उंच बुरूज. "आलं बघ." ऊन कलत होतं, पण दिवस मावळायला अजून अवकाश होता. आम्ही जिंकणार होतो. मला इतका आनंद झाला की मी जोरात पायडल मारलं, आणि माझ्या दोन्ही पिंडऱ्यांत एकदम गोळे आले.

असे गोळे की मी सायकलसकट बांधाला कलंडले. आई गं! पाय लांब करता येईना, आखडता येईना. अण्णा धावत आले. जवळच्या रानातली माणसं आली, एका बाईनं कोमट तेल आणलं, अण्णांनी खाली बसून माझे पाय चोळले. लिंबाच्या सावलीत मला आडवं केलं. आणि एवढं सगळं झाल्यावर, सांगायलाही लाज वाटते, मला तिथं झोप लागली. तीन रानांचं जेवण होतं ते.

जाग आली तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. अण्णा शेजारी बसून हरभऱ्याचा डहाळा खात होते.

"अण्णा! तुम्ही अजून इथंच? जा की! अजून पोचाल."

"पोचीन."

"मग जा ना! मी इथं या लोकांत आहे. मला काय होतंय? तुम्ही जा, पायरीला हात लावा, मी येते मागनं."

"आन मग तुला न्यायला पुन्हा माघारी येऊ व्हय?" त्यांनी एक घाटा सोलून माझ्या हातावर ठेवला. "खा. का पोट भरलंय?"

मी चिडले. ओरडलेच. म्हटलं, तुमचा हट्ट, तुमची पैज, महिनाभर मी पहाटेची झोप मोडली, तुमच्यासाठी गळ्यापर्यंत खाल्लं, आणि आता हातातोंडाशी आल्यावर तुम्ही डहाळा खात बसलाय! उद्या ती सायकल भंगारात जाईल, कळतंय का? अण्णा शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "लई वरडू नगंस. पुन्हा गोळं येतील."

दिवस मावळला. आम्ही दोघांनी तो मावळताना बघितला. रानातल्या पोरांनी आणि गड्यांनी कडब्याचे चूड पेटवले आणि ते हातात धरून पिकाभोवती पळत फेरी घातली. इकडं एक, पलीकडच्या रानात एक, त्याच्या पलीकडं आणखी. जिकडं नजर जाईल तिकडं जाळ पळत होते. आईच्या हयातीत आमच्या रानातही असंच व्हायचं, आणि चूड घेऊन सगळ्यांत पुढं माझा भाऊ असायचा.

अण्णाही तिकडंच बघत होते. म्हणाले, "त्यो म्हणला ना, देव दोन गावांत राहतो. खरंय त्याचं. पर देव काय आपल्या पायानं जातो व्हय नळदुर्गला? न्यायला माणसं येत्यात. बोलणी करत्यात, वाजवत-गाजवत घिऊन जात्यात. आन मुक्काम संपला की अणदूरचे न्यायला येत्यात. नुसता घोडा लावून दिला आसता, तर बसला आसता का देव त्याच्यावर?"

मला दिवाळीची ती पांढरी गाडी आठवली.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ. "ताई, दिवस मावळला. पोचले का अण्णा?"

"अण्णा पोचले असते रे," मी म्हटलं. "मी राहिले. सायकल भंगारात घालायची असेल तर माझी घाल. आणि कुणाला पुण्याला न्यायचं असेल तर मला ने. गॅलरीत बसायच्या लायकीची मीच आहे."

तो हसला. मी म्हटलं, "आणि ऐक. अण्णांना न्यायला पुन्हा गाडी पाठवू नकोस. तू ये."

"अगं, सुट्टीचं सध्या..."

मी फोन कट केला. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की मला बोलता येत नाही.

सायकली हातात धरून, लंगडत लंगडत, आम्ही चांगलाच अंधार पडल्यावर खंडोबाच्या देवळात पोचलो. अण्णांनी पायरीला हात लावला, भंडारा घेतला, माझ्या कपाळाला लावला. हरल्यासारखे ते अजिबात दिसत नव्हते.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी गावी गेले होते. दुपारी भाऊ आला. फोन नाही, निरोप नाही. एसटीनं आला, फाट्यावर उतरला आणि तिथून चालत. अंगावर धूळ, हातात काहीच नाही. बायकापोरांचं विचारलं तर म्हणाला, "ती तिकडं वाट बघतायत. मी न्यायला आलोय."

मला वाटलं, आता पुन्हा जुंपणार. अण्णांनी त्याला पाणी दिलं. म्हणाले, "पावणेदोन महिनं. मुक्काम संपला की सोडायला बी तूच यायचं."

"येतो."

"सायकल भंगारात न्हाय जायाची."

"नाही अण्णा."

"हिच्याजवळ ठिवतो," माझ्याकडं बघून ते म्हणाले. "रोज चालीव. पिंडऱ्या लई कच्च्या हायत तुझ्या." आणि दाराआडून त्यांनी एक पिशवी काढून भावाच्या हातात दिली. "चल. चारची गाडी गावती."

मी चाटच पडले. एवढा तमाशा, एवढ्या पैजा, आणि पिशवी भरून तयार? भाऊही गोंधळला. त्यानं पिशवी उघडली. वर धुतलेली धोतरं, घडी मोडायची राहिलेला नवा सदरा, तळाशी स्टीलचा डबा. तो डबा माझा होता. दिवाळीला मी अण्णांसाठी करंज्या करून पाठवल्या होत्या, तो. झाकण काढलं तर करंज्या तशाच, एकही कमी नाही.

"अण्णा, ही पिशवी कधी भरलीय?" भावानं विचारलं.

"दिवाळीला," अण्णा वहाणा पायात घालत म्हणाले. "दाढी करून सकाळधरनं वट्ट्यावर बसलो हुतो. गाडी आली. म्हणलं, तू उतरशील मागनं. ड्रायव्हर तेवढा उतरला."

एवढं बोलून ते सायकलवर हात फिरवायला अंगणात गेले. भाऊ उंबऱ्यात उभा होता. त्यानं डब्यातली एक करंजी उचलली आणि उभ्याउभ्याच सगळी खाल्ली. खोबरं पार खवट झालं होतं. मला माहीत आहे, कारण दुसरी मी खाल्ली.